सकाळची हिरवी पेज

तांदळाच्या पेजेत ओल्या पानांचा रस घालून ती सकाळी गरमागरम प्यायची, ही श्रीलंकेतली फार जुनी न्याहारी आहे. सिंहलीत तिला कोळ कॅंद म्हणतात. कोळ म्हणजे पान आणि कॅंद म्हणजे पेज. लाल तांदूळ, नारळाचा रस, लसूण, मीठ आणि एखाद्या औषधी पाल्याचा हिरवा रस एवढाच तिचा ऐवज. सोबत गुळाचा खडा. कोकणात किंवा गोव्यात पेजेवर वाढलेल्या माणसाला यात नवा वाटेल तो फक्त रंग. तो रंग कुठून आणायचा, कसा टिकवायचा, आणि कोणता पाला कुणी खावा व कुणी खाऊ नये, हे नीट कळलं की ही न्याहारी आपल्या स्वयंपाकघरात सहज करता येते. लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्याकडे आहेच.

कोलंबोत पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या वाटांवर मोठ्या पिंपातून कोळ कॅंद पेल्यात ओतून देणारे विक्रेते दिसतात. फेरफटका मारायचा, एक पेला पेज प्यायची, गुळाचा खडा चघळायचा आणि घरी जायचं, असा पुष्कळांचा नेम असतो. श्रीलंकेच्या कृषी विभागाने उभारलेल्या ‘हेळ बोजुन’ या उपाहारगृहांत ग्रामीण स्त्रिया पारंपरिक पदार्थ स्वतः रांधून विकतात. तिथेही सकाळी ही पेज मिळते. भिक्षूंना पहाटे जे अन्नदान होतं त्यातही पेजेला मान आहे, आणि तो मान आजचा नाही. अनुराधपुराजवळ मिहिंतले इथल्या प्राचीन विहाराच्या भोजनशाळेत दगडात कोरलेल्या दोन लांबलचक डोणी अजून पाहायला मिळतात, एक भाताची आणि एक पेजेची. विनयपिटकाच्या महावग्गात तर बुद्धाने पेजेचे दहा गुण सांगितल्याचा प्रसंग आहे. त्यात बळ आणि आयुष्य आहे, तशीच भूक-तहान भागणं, वात सरळ होणं आणि न पचलेलं पचणं या अगदी पोटाच्या गोष्टीही आहेत.

आपल्या वैद्यकपरंपरेलाही हा विचार परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या तक्रारींसाठी २८ प्रकारच्या यवागू, म्हणजे औषधी द्रव्यांसह शिजवलेल्या पेजा, सांगितल्या आहेत. केरळात कर्कटक महिन्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, ‘नवरा’ नावाच्या तांदळाची औषधी कांजी घेतात ती याच घरातली. फरक इतकाच की ती कांजी ऋतूपुरती आणि पथ्यापाण्याने घ्यायची असते, तर कोळ कॅंद ही रोजची न्याहारी आहे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोळ कॅंदकडे आधी अन्न म्हणून पाहावं. सकाळच्या पहिल्या घासात मूठभर ताजा पाला पोटात जातो, हाच तिचा मोठा गुण. बुद्धी वाढते, रक्त शुद्ध होतं, साखर उतरते, अशी जी जंत्री प्रत्येक पाल्याला चिकटलेली असते ती परंपरेने सांगितलेली आहे. तिचा आदर करावा, पण तिच्या भरवशावर चालू असलेलं औषध बंद करू नये.

आता पाल्याकडे वळू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिल्यांदा करणाऱ्याने कढीपत्त्यापासून सुरुवात करावी. श्रीलंकेत कढीपत्त्याला करपिंचा म्हणतात आणि त्याची कोळ कॅंद तिथे नेहमी होते. आपल्याला हे पान ओळखायला शिकावं लागत नाही, त्याची चव जिभेला ठाऊक असते आणि फोडणीतून काढून ताटाच्या कडेला ठेवलं जाणारं पान इथे प्रत्यक्ष पोटात जातं. पान कोवळं, पोपटी झाक असलेलं घ्यावं. जून, काळपट पानांचा रस उग्र लागतो आणि घशाशी येतो. बाजारातून आणलेल्या कढीपत्त्यावर फवारणी असण्याची शक्यता असते. म्हणून घरच्या किंवा शेजारच्या झाडाचा पाला मिळाला तर तोच घ्यावा.

श्रीलंकेत सगळ्यांत लाडका पाला म्हणजे गोटुकोळ. ही आपली मंडूकपर्णी. कोकणात तिला कारिवणा म्हणतात, आणि पुष्कळ घरांत तिलाच ब्राह्मी म्हणायची रीत आहे. इथे गोंधळ होतो. ब्राह्मी या नावाने महाराष्ट्रात दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक ही मंडूकपर्णी. दुसरी नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, जिची पानं लहान, जाडसर, देठाला समोरासमोर लागलेली असतात आणि जी चवीला चांगलीच कडू असते. पेजेला लागते ती पहिली. तिची पानं गोलसर, बेडकाच्या पावलासारखी किंवा मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेला बोथट दाते असलेली असतात. प्रत्येक पान लांब देठावर उभं असतं आणि देठ पानाच्या खालच्या खाचेत जोडलेला असतो. वेल जमिनीसरपट पसरते आणि पेरापेराला मुळं धरते. पान चुरगळलं तर गाजराच्या पाल्याची आठवण करून देणारा मंद वास येतो, कारण ती गाजर-कोथिंबिरीच्याच कुळातली आहे. देठ पानाच्या मध्यभागी, छत्रीच्या दांडीसारखा जोडलेला दिसला तर ती मंडूकपर्णी नव्हे. तसं पान दिसायला सुंदर असतं आणि शोभेच्या कुंड्यांत लावतात, पण ते पेजेत घालू नये.

मंडूकपर्णी ओल्या जागी माजते. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, पाटाच्या काठी, विहिरीच्या पन्हळीपाशी ती आपोआप उगवते. तिथून ती तोडण्याचा मोह होतो, आणि नेमका इथेच सावध राहायला हवं. शहरातल्या नाल्याकाठची, गुरं बसतात तिथली, भातावर औषध मारलेल्या खाचरालगतची मंडूकपर्णी कितीही हिरवीगार दिसली तरी आणू नये. ही वनस्पती ज्या पाण्यात उभी असते ते पाणी आणि त्यातली घाण सोबत घेऊन येते, आणि कोळ कॅंदमध्ये पाल्याचा रस फार वेळ शिजत नाही. त्यापेक्षा ती कुंडीत लावावी. उथळ, पसरट कुंडी किंवा जुना टब, अर्धी माती, अर्धं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धवट सावली आणि रोज पाणी, एवढ्यावर ती खूश असते. मुळं धरलेला वेलीचा एक तुकडा रोपवाटिकेतून किंवा कोकणातल्या नातेवाइकांकडून मिळवला की पुरे. दोनेक महिन्यांत कुंडी भरते. कात्रीने देठासकट वरची पानं कापावीत, वेल राहू द्यावी, म्हणजे ती पुन्हा फुटते. आठवड्यातून एकदा पेज करायची असेल तर अशा दोन-तीन कुंड्या लागतात.

तिसरा पाला शतावरीचा, सिंहलीत हातावारिय. शतावरीची मुळं आपल्याकडे सर्वांना माहीत आहेत आणि तिचे कोवळे कोंब सह्याद्रीत रानभाजी म्हणून खातात. श्रीलंकेत मात्र तिच्या सुईसारख्या बारीक पाल्याचीही पेज होते आणि बाळंतिणीला ती आवर्जून देतात. कोवळ्या फांद्यांचा पाला हाताने ओरपून काढावा. फांदीला काटे असतात, त्यांपासून जपावं. हा पाला चिवट आहे, वाटायला वेळ लागतो आणि पाणीही जास्त लागतं. चव मात्र सौम्य असते. कढीपत्ता उग्र वाटणाऱ्या मुलांना शतावरीची पेज चटकन आवडते.

याखेरीज श्रीलंकेत पोल्पला म्हणजे आपल्याकडची कापूरमाधुरी, वॅल्पेनेल म्हणजे कपाळफोडी, आणि इरमुसु म्हणजे अनंतमूळ किंवा उपळसरी यांच्याही पेजा करतात. या तिन्ही वनस्पती महाराष्ट्रात उगवतात. तरीही त्यांच्या मागे लागू नका, असंच मी म्हणेन. त्या ओळखायला अनुभवी डोळा लागतो आणि त्यांचा वापर औषधाकडे अधिक झुकतो. घरात जाणती आजी असेल किंवा रानभाज्या विकणारी ओळखीची बाई असेल, तिने स्वतः ओळखून, हातात देऊन सांगितलं तरच करावं. मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर कोणताही रानपाला पोटात घालू नये.

एका वेळी एकच पाला, हा नियम सुरुवातीला पाळावा. श्रीलंकेत चार-पाच पाले एकत्र करतात, पण ते त्यांच्या पिढ्यांच्या सवयीचं आहे. आपण एकेक पाला करून पाहिला तर त्याची चव कळते, आणि पोटाला काही मानवलं नाही तर ते कशामुळे हेही कळतं.

तांदूळ लालच हवा, कारण त्याचा कोंडा या पेजेला दाटपणा आणि खमंगपणा देतो. श्रीलंकेत लाल कच्चा तांदूळ वापरतात. आपल्याकडे त्याला पर्याय भरपूर आहेत. रायगडकडचा पटणी, सिंधुदुर्गातला वालय, गोव्याच्या खाजणातला कोरगुट, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं रत्नागिरी-७ हे लाल वाण, यांपैकी जो मिळेल तो घ्यावा. मात्र तो उकडा नसावा. उकडा तांदूळ वेगळ्या प्रकारे शिजतो, त्याचे दाणे सुटे राहतात आणि पेज मिळून येत नाही. माटुंग्याच्या दाक्षिणात्य दुकानांत मिळणारा लाल मट्टा बहुधा उकडाच असतो. तोच हाताशी असेल तर रात्रभर भिजवून, सकाळी मिक्सरमधून एकदा भरड फिरवून मग शिजवावा. लाल तांदूळ मिळालाच नाही तर कण्या घ्याव्यात, कोणत्याही हातसडीच्या चालतील. घासूनपुसून पांढऱ्या केलेल्या बासमतीची कोळ कॅंद करू नये. तिला ना चव असते ना अंग.

चार माणसांसाठी १०० ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे साधारण अर्धी मोठी वाटी. त्याला सव्वा लिटर पाणी, १०० ग्रॅम निवडलेला पाला, अर्धा नारळ, चार-पाच लसणीच्या पाकळ्या, अर्धा इंच आलं आणि मीठ. कढीपत्ता उग्र असतो म्हणून तो ५० ग्रॅमच घ्यावा, दोन सैल मुठी. आलं सगळे घालत नाहीत. मंडूकपर्णीच्या पेजेला ते लागत नाही, पावसाळ्यात मात्र जरूर घालावं.

तांदूळ रात्री धुऊन भिजत घालावा. पाला रात्रीच निवडून, न धुता, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर सकाळची अर्धी धांदल वाचते. सकाळी ठेचलेला लसूण, घालायचं असेल तर आलंही, आणि तांदूळ एकत्र करून जाड बुडाच्या टोपात शिजत लावावा. भिजवलेल्या लाल तांदळाला मऊ व्हायला ३५ ते ४० मिनिटं लागतात. कुकरमध्ये लावायचा तर निम्म्या पाण्यात चार-पाच शिट्ट्या कराव्यात आणि वाफ गेल्यावर उरलेलं पाणी कडकडीत तापवून घालावं. शिजलेला तांदूळ पळीच्या पाठीने किंवा रवीने घोटावा. अगदी गुळगुळीत करू नये, दाणा जिभेला लागला पाहिजे. श्रीलंकेत काही घरांत खवलेला नारळ थोडा तांदळाबरोबरच शिजवतात. त्याने पेज गोडसर होते, करून पाहण्यासारखं आहे.

पेज शिजत असताना नारळाचा रस काढून घ्यावा. आधी दाट रस अर्धी वाटी, मग त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून पातळ रस एक वाटी. दोन्ही वेगळे ठेवावेत, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. पातळ रस पाला वाटायला घ्यायचा आणि दाट रस शेवटी. डब्यातला नारळाचा रस वापरला तर पेज जड आणि तुपकट होते. दुसरा इलाज नसेल तर त्यात दुप्पट पाणी घालावं.

पाला वाहत्या पाण्याखाली तीन-चार वेळा, पान न् पान उलगडून धुवावा. मंडूकपर्णीच्या देठाच्या बेचक्यात माती आणि बारीक गोगलगायी बसलेल्या असतात, म्हणून जुडी तशीच नळाखाली धरून चालत नाही. मग पातळ रस घालून पाला पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावा. मिक्सर तापतो आणि रस तपकिरी होतो, म्हणून रस गार असावा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा. वाटण सुती फडक्यातून पिळून घ्यावं, चोथ्यात थोडं पाणी घालून पुन्हा एकदा पिळावं. मंडूकपर्णीचा चोथा बारीक असतो, त्यातला चमचाभर पेजेत राहिला तरी हरकत नाही. शतावरीचा आणि कढीपत्त्याचा चोथा मात्र टाकून द्यावा, कुंडीत गेला तर उत्तम.

आता कळीचा भाग. घोटलेली पेज पुन्हा उकळत ठेवावी, मीठ घालावं, मग आच मंद करून हिरवा रस धारेने ओतावा आणि सतत ढवळत राहावं. झाकण अजिबात ठेवायचं नाही. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो त्याच्या रेणूत मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा दोन्ही एकत्र आले की ते निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. पानांतलीच आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात, झाकण ठेवलं की ती परत पेजेत उतरतात. म्हणून टोप उघडा, आच मंद आणि वेळ थोडा. श्रीलंकेत पुष्कळ जण बुडबुडे दिसू लागताच टोप उतरवतात. पाला घरच्या कुंडीतला असेल तर तेवढं पुरेसं आहे. विकतचा असेल तर एक चांगली उकळी येऊ द्यावी आणि मिनिटभर राहू द्यावी, मग रंग थोडा उतरला तरी चालेल. रंगासाठी पोट बिघडवून घेण्यात शहाणपणा नाही. रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये, चव साबणासारखी होते आणि पाल्यातली जीवनसत्त्वंही जातात.

दाट रस आच बंद केल्यावर घालावा. तो उकळला की फाटतो. लिंबू पिळायचं असेल तर पेल्यात, पिण्याच्या क्षणी. टोपात पिळलं तर रंग डोळ्यांदेखत उतरतो.

गूळ पेजेत विरघळवायचा नसतो, हे नवख्या माणसाला आधी सांगावं लागतं. पेज खारटच राहते. खडा हातात धरून थोडा कुरतडायचा आणि वर पेजेचा घोट घ्यायचा. श्रीलंकेत कितुल नावाच्या माडाचा काळसर, धुरकट वासाचा गूळ घेतात. हेच झाड कोकणात भेरली माड म्हणून ओळखलं जातं, आपण त्याचा गूळ करत नाही एवढंच. गोव्यात आणि तळकोकणात नारळाच्या माडाचा गूळ मिळतो, तो या पेजेबरोबर अप्रतिम लागतो. नसेल तर उसाचा न धुतलेला, काळसर गूळ घ्यावा.

पेज दाट असावी की पातळ, यावर एकमत होणार नाही. पेल्यातून ओठांवर येईल इतकी सैल असावी असं माझं मत आहे. चमच्याने खावी लागली तर ती पेज राहिली नाही. थोडा वेळ टोपात राहिली की ती आळते, तेव्हा गरम पाण्याने सैल करावी, गार पाण्याने नव्हे.

नोकरदार घरात सकाळी चाळीस मिनिटं मिळत नाहीत, हे मान्य आहे. त्यांनी तांदूळ आदल्या रात्री शिजवून घोटून ठेवावा. निवाल्यावर लगेच फ्रिजमध्ये जावा, ओट्यावर रात्रभर राहू नये. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू तग धरून असतात आणि उबेत ते वाढतात. मग भात पुन्हा उकळूनही त्यांचं विष जात नाही. सकाळी पाणी घालून पेज खळखळून उकळायची, तोवर पाला वाटायचा, की पंधरा मिनिटांत न्याहारी तयार. शिजवलेली पेज एक दिवस टिकते. हिरवा रस मात्र कधीच साठवू नये, तो त्याच सकाळी काढावा.

पोटभरीच्या दृष्टीने एक उणीव सांगायलाच हवी. या पेजेत प्रथिनं फारशी नसतात. तिथली माणसंही पुष्कळदा पेज आधी पितात आणि नंतर दुसरं काही खातात. उकडलेले मूग आणि खवलेलं खोबरं हा तिथला आवडता नाश्ता आहे. आपण पेजेमागून वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, नाहीतर उकडलेलं अंडं घेतलं की न्याहारी पुरी होते. शाळकरी मुलांना तर केवळ पेजेवर पाठवू नये.

आता ज्यांनी जपायचं त्यांच्याविषयी. मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं की तांदूळ घोटून शिजवला की त्यातलं पिष्ट लवकर पचतं आणि साखर चढते. पाला औषधी असला तरी हे बदलत नाही. त्यांनी तांदूळ निम्मा, पाला तितकाच ठेवावा, गूळ वगळावा, उसळ आधी खावी आणि दोन तासांनी साखर मोजून आपल्यापुरता निर्णय घ्यावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या आड येतं. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, ज्यांना पालेभाज्या मोजून खायला सांगितल्या आहेत त्यांनीही विचारूनच. मंडूकपर्णी गरोदरपणात टाळावी, आणि यकृताचा विकार असलेल्यांनीही. तिच्या अर्काच्या गोळ्या काही आठवडे घेतलेल्या लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पेजेतला मूठभर पाला आणि अर्काची गोळी यांत खूप अंतर आहे हे खरं, तरीही एकच पाला रोज, महिनोन्‌महिने घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीनदा, पाले आलटून पालटून, हे माप शहाण्या माणसाला पुरतं. झोपेची किंवा फिटची औषधं चालू असणाऱ्यांनी मंडूकपर्णीऐवजी कढीपत्ता निवडावा. एक वर्षाखालच्या बाळाला यातलं काहीच देऊ नये, त्याला साधी पेज पुरे.

गरम पाणी ओतून दोन मिनिटांत होणाऱ्या कोळ कॅंदच्या पुड्याही आता मिळतात. प्रवासात, हॉटेलच्या खोलीत त्या कामाला येतात. घ्यायच्या असतील तर पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी येतो. साखर किंवा दुधाची भुकटी वरच्या ओळीत आणि पाला तळाशी असेल तर ती पुडी परत ठेवा. दुधाच्या याच भुकटीसाठी श्रीलंकेतल्या लोकांना २०२२ च्या आर्थिक संकटात दुकानांपुढे ताटकळावं लागलं होतं, गॅसही मिळत नव्हता. घरच्या कोळ कॅंदला भुकटी लागत नाही, पाव लागत नाही, आणि चुलीवर ती अधिकच चांगली होते.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना मंडूकपर्णी आपल्यापेक्षा सहज मिळते, असं म्हटलं तर आश्चर्य वाटेल. लंडनच्या वेम्बली-हॅरो भागात, टोरांटोच्या स्कारबरोत, मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये श्रीलंकन दुकानं आहेत. सिंहली दुकानात ‘गोटुकोळ’ आणि तमीळ दुकानात ‘वल्लारै’ असं विचारा. लाल कच्चा तांदूळ आणि कितुलचा गूळही तिथेच मिळतो. थंड देशांत जुडी विमानाने आलेली असते, तेव्हा पिवळी पडलेली, चिकट झालेली पानं काढून टाकावीत आणि एक मिनिटाची उकळी चुकवू नये.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. लाल तांदूळ तुमच्या कणगीत आहे, नारळ परसात आहे, कारिवणा पाटाच्या काठी आहे, आणि पेज करायला तुम्हाला कुणी शिकवायला नको. दहा-अकरा वाजताची पेज अनेक घरांतून गेली आणि तिच्या जागी चहा-बिस्किट आलं. ती परत आणायची असेल तर या हिरव्या पेल्यापासून आणता येईल. रविवारी सकाळी कढीपत्त्याची करून पाहा, पहिल्या वेळी पाला निम्माच घ्या, मुलांच्या हातात गुळाचा खडा द्या. मंडूकपर्णीची कुंडी पावसाळ्याच्या तोंडावर लावा, म्हणजे श्रावणात घरच्या पाल्याची पहिली पेज होईल.